स्नोब्लोअरचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. यंत्राचं मात्र दोन्ही विचारावं. विशेषतः ते यंत्र उन्हाळाभर गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं असेल आणि ऑक्टोबरात त्याची दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली असेल, तर नक्कीच विचारावं. टोरोंटो, बफेलो, मिनिॲपोलिसकडच्या मराठी घरांना हा अनुभव नवा नाही. इतरांसाठी सांगायचं तर, स्नोब्लोअर म्हणजे दारापुढचा बर्फ तोंडात घेऊन वरच्या नळकांड्यातून दूर भिरकावणारं यंत्र. पुढे ऑगर, म्हणजे आडवं फिरणारं मळसूत्री पातं, आणि त्यामागे इम्पेलर, म्हणजे जोरात फिरणारा पंखा. ऑगर बर्फ फोडून मधोमध ओढतो, पंखा तो फेकतो.

हे यंत्र दिसायला शहरी असलं तरी त्याचं घराणं शेतकऱ्याचं आहे. हिवाळ्याआधी त्याची जी डागडुजी करावी लागते, तिचा अर्थही मला या घराण्यामुळेच लागतो.

सुरुवात मात्र रेल्वेपासून झाली. कॅनडात रूळ पसरले आणि बर्फानं गाड्या अडू लागल्या. तेव्हाचा नांगर पाचरीसारखा असे. इंजिनानं मागून रेटायचं आणि नांगरानं बर्फ दोन्ही बाजूंना सारायचा. भुसभुशीत बर्फात हे जमे. पण दोन्हीकडे उंच कडे असलेल्या खोदणीत घट्ट बसलेला बर्फ सारणार कुठे? 1869 मध्ये टोरोंटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी फिरत्या चाकानं बर्फ कापून फेकणाऱ्या नांगराचा आराखडा केला. दातांचा डॉक्टर आणि रेल्वेचा बर्फ ही जोडी विचित्र खरीच. आराखडा कागदावरच राहिला.

तो कागदावरून उतरवला ऑरेंज जल या गृहस्थांनी. ऑन्टारिओतल्या ऑरेंजव्हिल गावचे हे गृहस्थ. त्यांनी एलियट यांची कल्पना पुढे नेली, चालती छोटी मॉडेल्स बनवली आणि त्यांची चाचणी घेतली ती वाळूवर! मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा क्षण वाटतो. वाळू वितळत नाही आणि तिच्यासाठी डिसेंबरची वाट पाहावी लागत नाही. शिवाय पंख्यातून उडाली की ती कुठे जाऊन पडते, हे लगेच दिसतं. 1883-84 च्या हिवाळ्यात लेस्ली बंधू या कारखानदारांनी पूर्ण आकाराचं यंत्र बांधलं आणि ते चाललं. पुढे जल यांनी हक्क लेस्ली बंधूंना विकले आणि अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पॅटरसन इथल्या कुक लोकोमोटिव्ह कारखान्यात ही यंत्रं बनू लागली. त्यांच्या पोटात वाफेचं इंजिन असे, पण ते फक्त चाक फिरवण्यापुरतं. पुढे सरकायला मागून वेगळी इंजिनं लावावी लागत.

ही झाली राजघराण्याची शाखा. आपल्या गॅरेजपर्यंत पोचलेली शाखा वेगळी, आणि तिचा मूळपुरुष आर्थर सिकार्ड.

सिकार्ड 1876 साली क्वेबेकमधल्या सेंट-लिओनार्डला, मॉन्ट्रियलजवळ, जन्मले. घरचा धंदा दुधाचा. रस्ता बर्फानं बंद झाला की धंदा बसला, कारण दूध काही वसंत ऋतूपर्यंत थांबत नाही. 1894 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी मळणी यंत्र चालताना पाहिलं. पुढची पाती पीक आत ओढतात आणि दुसऱ्या टोकाला भूस नळीतून उडतं. गव्हाच्या जागी बर्फ घातला तर? आपल्याकडे खळ्यावर ज्यानं मळणी यंत्र पाहिलंय, त्याला ही झेप लगेच कळेल. भुसाच्या मागे उभं राहायचं नसतं, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

कल्पना सुचली खरी, पण यंत्र उभं राहायला तीस वर्षं गेली. कारण सरळ आहे. बर्फ भुसाइतका हलका नसतो. ओला बर्फ तर वजनदार आणि चिकट. तो उडवायला स्वतंत्र ताकदवान इंजिन हवं, आणि ते वाहून नेणारा ट्रक हवा. पेट्रोल इंजिनं आणि चारही चाकांना जोर असलेले ट्रक येईपर्यंत सिकार्ड यांच्या डोक्यातल्या यंत्राला पाय नव्हते. 1925 मध्ये ते तयार झालं. ट्रकला एक इंजिन, बर्फ फेकायला दुसरं. नळकांडं हवं तसं वळवता येई. बर्फ शेजारच्या ट्रकमध्ये भरा, नाहीतर नव्वद फुटांवर फेका. 1927 मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ नगरपालिकेनं पहिलं यंत्र विकत घेतलं. आजही मॉन्ट्रियलमध्ये मोठा बर्फ पडला की रात्री भोंगा वाजतो, गाडी हलवा म्हणून. मागोमाग ब्लोअर येतो आणि बरोबरीनं ट्रकची रांग. आपल्याकडे झोजिलासारख्या घाटात सीमा सडक संघटनेचे स्नो कटर बर्फाच्या भिंती कापतात, तेही याच गोत्रातले.

यंत्र लहान होऊन घरोघरी आलं ते 1950 नंतर, आणि तेही शेतीवाल्यांच्याच हातून. मिनिॲपोलिसची टोरो कंपनी 1914 मध्ये सुरू झाली ती ट्रॅक्टरची इंजिनं बनवायला. विस्कॉन्सिनमधल्या ब्रिलियनची एरिएन्स 1933 मध्ये सुरू झाली आणि तिनं आधी माती फिरवणारे टिलर बनवले. 1960 मध्ये तिनं ‘स्नो-थ्रो’ आणला. माती उकरणारी पाती आणि बर्फ फोडणारी पाती यांच्यात फार अंतर नाही.

आता डागडुजीकडे येऊ. पेट्रोल आणि ऑइल यांचं सगळ्यांना माहीत असतं, निदान असायला हवं. जुनं पेट्रोल काढून टाका. टाकीत राहिलेलं पेट्रोल उडत जातं, उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवतो, आणि इथेनॉल असलं तर ते ओलावाही ओढतं. ऑइल थंडीत पातळ राहणारं हवं, बहुधा 5डब्ल्यू-30. पट्टा, स्पार्क प्लग आणि टायरची हवा पाहून घ्या.

खरी गोम शिअर पिनेत आहे. ऑगर शाफ्टला पक्का जोडलेला नसतो. एका मऊ धातूच्या पिनेनं तो अडकवलेला असतो. बर्फात दडलेला दगड किंवा वर्तमानपत्राचं गोठलेलं बंडल तोंडात आलं की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. ही युक्ती शेतीच्या यंत्रांतली. नगर-पुण्याकडे रोटाव्हेटर चालवणाऱ्याला शिअर बोल्ट वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण त्यात एक मेख आहे. ऑगर गंजून शाफ्टलाच चिकटला, तर पिन असून नसल्यासारखी, सगळा धक्का गिअरबॉक्सवर. म्हणून इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, अशा स्थितीत पिना काढून ऑगर हातानं शाफ्टवर मोकळा फिरतो का पाहायचं आणि ग्रीस निपलमधून ग्रीस भरायचं. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि गिअरबॉक्सचं बिल आलं की कंपनीला शिव्या देतात.

नळकांड्यात बर्फ तुंबला तर हात घालू नका, इंजिन बंद असलं तरी. अडकलेल्या पंख्यात ताण शिल्लक असतो आणि गोळा सुटताच तो फिरतो. त्यासाठी यंत्राबरोबर दांडी दिलेली असते, ती वापरा.

खंडेनवमी नेमकी याच दिवसांत येते. परदेशातल्या मंडळींनी त्या दिवशी लॅपटॉपला हळदकुंकू जरूर वाहावं, पण गॅरेजमधल्या या शेतकरी यंत्रालाही ग्रीसचा नैवेद्य दाखवावा. आणि तुटलेल्या पिनेच्या जागी घरात सापडेल तो पोलादी बोल्ट ठोकू नये. योग्य मापाच्या दोन-चार जादा पिना आत्ताच आणून ठेवाव्यात.