एकट्याची कॅसेट

डेव्ह ग्रोलचं नाव घेतलं की कुणाला 'निर्वाणा'चा ड्रमर आठवतो, कुणाला 'फू फायटर्स'चा गायक. मला आठवते एक कॅसेट. १९९२ साली अमेरिकेतल्या एका चिमुकल्या लेबलनं काढलेली. कॅसेटचं नाव 'पॉकेटवॉच' आणि कलाकाराचं नाव 'लेट!'. ग्रोलचं नाव पुढे कुठे मिरवलेलं नाही.

त्याच वर्षी जानेवारीत निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे टाकून अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजत असलेल्या बँडचा ड्रमर पोस्टानं मागवायची कॅसेट खोट्या नावानं विकत होता. का?

माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक सोपी गोष्ट होती, आणि ती तुम्हीही ऐकली असेल. एप्रिल १९९४मध्ये कर्ट कोबेननं आत्महत्या केली. ग्रोल कोसळला. सहा महिन्यांनी एकटाच स्टुडिओत गेला, सगळी वाद्यं स्वतः वाजवली, आणि त्या दुःखातून फू फायटर्सचा पहिला अल्बम जन्मला. गोष्ट खोटी नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी सुरू होते.

सुरुवात व्हर्जिनियातल्या स्प्रिंगफील्डमध्ये करायला हवी. आई शाळेत शिक्षिका. घरात दोन कॅसेट रेकॉर्डर. पोरगा पहिल्यावर गिटार वाजवून टेप करायचा. मग ती कॅसेट दुसऱ्या मशीनवर लावायची, पहिल्यात कोरी कॅसेट घालायची, आणि वाजणाऱ्या गिटारवर ताल धरत पुन्हा रेकॉर्ड दाबायचं. प्रत्येक फेरीत खरखर वाढते, आवाज गढूळ होतो, पण शेवटी एकाच माणसाचा 'बँड' तयार होतो. आज तुमच्या फोनमधलं फुकटचं ॲप हेच करतं, फक्त खरखरीशिवाय.

आणि हे शहर वॉशिंग्टनच्या कुशीत होतं. तिथल्या पंक पोरांनी १९८०मध्ये 'डिस्कॉर्ड' हे लेबल सुरू केलं होतं. मोठी कंपनी दारात येईल म्हणून वाट बघायची नाही. आपणच टेप करायचं, आपणच रेकॉर्ड काढायची, आपणच पाकिटं चिकटवून पोस्टात टाकायची. 'पॉकेटवॉच' काढणाऱ्या 'सिंपल मशीन्स'च्या दोघींनी तर स्वतःची रेकॉर्ड कशी काढायची याची पुस्तिकाच छापली होती. या वातावरणात अंडरग्राउंड म्हणजे रुसून बसणं नव्हतं, तो एक कामाचा व्यवहार होता.

ग्रोल सतराव्या वर्षी 'स्क्रीम' या तिथल्याच बँडमध्ये शिरला. १९९०मध्ये दौरा अर्धवट असतानाच तो बँड फुटला, आणि त्याच वर्षी तो निर्वाणात गेला. आता तारखा बघा. 'पॉकेटवॉच'मधली गाणी १९९०च्या अखेरीस आणि १९९१च्या जुलैत रेकॉर्ड झाली. म्हणजे पहिली खेप निर्वाणात नवखा असताना, आणि दुसरी 'नेव्हरमाइंड' रेकॉर्ड होऊन बाजारात यायच्या आधी. अजून प्रसिद्धी नाही, मृत्यू नाही. फक्त एक मुलगा, एका खेपेला सोबतीला जुना मित्र बॅरेट जोन्स, आणि मल्टिट्रॅक मशीन. त्यातलं 'फ्रेंड ऑफ अ फ्रेंड' हे हळू आवाजातलं गाणं नव्या बँडमधल्या पहिल्या दिवसांबद्दल आहे. आणखी एक गाणं पुढे 'मॅरीगोल्ड' या नावानं निर्वाणाच्या 'हार्ट-शेप्ड बॉक्स'च्या मागच्या बाजूला आलं.

मग नाव का लपवलं? ग्रोलनं याबद्दल पुष्कळदा सांगितलंय. एक तर कोबेनसारखा गाणी लिहिणारा शेजारी असताना आपली पुढे करायला त्याला संकोच वाटायचा. शिवाय 'पोलीस' बँडचा ड्रमर स्ट्युअर्ट कोपलंड यानं 'क्लार्क केंट' या नावानं एकट्यानं रेकॉर्ड काढली होती, ती युक्ती त्याला आवडायची. ड्रमरनं गायचं तर बुरखा बरा.

कोबेन गेल्यावर त्याला संगीत ऐकणंही नकोसं झालं. तो आयर्लंडला निघून गेला. तिथल्या एका आडरस्त्यावर लिफ्ट मागणारा एक पोरगा त्याला दिसला, अंगात कोबेनचा चेहरा छापलेला टी-शर्ट. पळून जायला जागा नाही हे तेव्हा कळलं, असं तो सांगतो.

ऑक्टोबर १९९४मध्ये त्यानं सिॲटलच्या उत्तरेला असलेला रॉबर्ट लँग स्टुडिओ सहा दिवसांसाठी घेतला. जानेवारीत निर्वाणाचं शेवटचं रेकॉर्डिंग इथेच झालं होतं. सोबत पुन्हा बॅरेट जोन्स. पद्धत तीच, दोन कॅसेट रेकॉर्डरांची, फक्त यंत्रं महागडी. आधी ड्रम, मग गिटार, बेस, शेवटी आवाज.

हे किती अवघड आहे ते मला स्वतः करून बघितल्यावर कळलं. मी फोनवर नुसते ड्रम आधी टेप करून बघितले. गाणं कानात नाही, फक्त डोक्यात. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचेस्तोवर मी कुठे आहे हेच विसरलो. ड्रम आधी वाजवायचे तर सगळं गाणं आतून पाठ लागतं. ग्रोलला ते पाठ होतं, कारण त्यातली बरीच गाणी कोबेन जिवंत असतानाच लिहिलेली होती. म्हणून त्या अल्बमला शोकगीत म्हणणं मला पटत नाही. शब्द तर त्यानं घाईत जुळवलेले, बरेचसे निरर्थक, हे त्यानंच कबूल केलंय. स्वतःच्या आवाजावर भरवसा नव्हता म्हणून एकावर एक दोनदा गाऊन तो जाड केला. कान देऊन ऐका, तो दुहेरी थर कळतो. ग्रंजचा मळकट, जड गिटारचा आवाज आहे, पण त्याखाली लपलेली चाल मात्र गोड आहे.

आणि हो, 'एकट्यानं' यालाही एक अपवाद आहे. 'एक्स-स्टॅटिक' या गाण्यात 'अफगाण व्हिग्ज'चा ग्रेग डुली गिटार वाजवून गेला.

या रेकॉर्डिंगच्या शंभर कॅसेट काढून ग्रोलनं वाटल्या. नाव 'फू फायटर्स', दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी आकाशातल्या अनोळखी उजेडांना दिलेलं. अनेकवचनी नाव, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की हा बँड आहे. बुरखा अजून उतरलेला नव्हता. ४ जुलै १९९५ला अल्बम आला तेव्हा वाजवायला खरा बँडही जमला होता: नेट मेंडेल, विल्यम गोल्डस्मिथ, पॅट स्मिअर. मुखपृष्ठावर खेळण्यातली बंदूक होती. कोबेन बंदुकीनं गेला होता, त्यामुळे लोकांना ती खुपली. ग्रोलच्या मनात मात्र उडत्या तबकड्या आणि जुन्या विज्ञानकथा होत्या. माणूस एकदा एका गोष्टीत अडकला की त्याचं खेळणंही आपण पुराव्यासारखं वाचतो.

इथे थांबलो असतो तर ही एका गुणी एकट्याची छान गोष्ट झाली असती. पण एकट्याला सगळं येण्याची किंमत असते, आणि ती नेहमी तोच भरतो असं नाही. १९९७च्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी गोल्डस्मिथनं वाजवलेले ड्रम ग्रोलला पसंत पडले नाहीत. त्यानं बहुतेक सगळे स्वतः पुन्हा वाजवले. गोल्डस्मिथ बँड सोडून गेला. 'आण, मीच करतो' हे वाक्य घरात, ऑफिसात, बँडमध्ये कुणीतरी म्हणतं तेव्हा समोरच्याचं काय होतं, हे मला या प्रसंगापासून जास्त कळायला लागलंय. मीही ते वाक्य पुष्कळदा म्हटलेलं आहे.

गोल्डस्मिथच्या जागी आलेला टेलर हॉकिन्स पंचवीस वर्षं टिकला. मार्च २०२२मध्ये, दौऱ्यावर असताना, बोगोटामध्ये तो गेला. त्याच वर्षी ग्रोलची आईही गेली. २०२३मध्ये 'बट हिअर वी आर' आला, दोघांना अर्पण केलेला. त्यातले ड्रम ग्रोलनं वाजवलेत.

पुन्हा तोच माणूस, तीच खुर्ची. पण या वेळी कुणाला बाजूला सारून नाही. जागा रिकामी झाली होती म्हणून. 'पॉकेटवॉच' ऐकून मग हा अल्बम ऐकलात तर मधली तेहतीस वर्षं सलग ऐकू येतात. पहिल्या कॅसेटवर एकटेपणा हा खेळ होता, पहिल्या अल्बमवर आडोसा, दुसऱ्यावर हट्ट. शेवटी तो नाइलाज झाला. दुःखातून संगीत जन्मतं असं मी आता म्हणत नाही. संगीत आधीपासून तिथे होतं, दोन मशीनांच्या मध्ये. दुःख आलं तेव्हा हातांना काय करायचं ते ठाऊक होतं, एवढंच.