तिकिटाच्या दात्यांतील इतिहास

मल्हारगंज ही इंदूरची जुनी पेठ. अशा पेठेतील एखाद्या पेढीच्या दप्तरातून होळकर संस्थानचे टपाल तिकीट हाती आले, म्हणजे संग्राहकाची दृष्टी प्रथम त्यावरील राजाच्या चित्राकडे वळते. परंतु तिकिटाचा जन्मवृत्तान्त पुष्कळदा त्याच्या कडेच्या दात्यांतच लिहिलेला असतो.

१८४० साली इंग्लंडात निघालेल्या जगातील पहिल्या टपाल तिकिटाला दाते नव्हते. तावातून ते कात्रीने कापून घ्यावे लागे. १८४७ साली हेन्री आर्चर यांनी तावावर भोके पाडणाऱ्या यंत्राची योजना मांडली आणि पुढे ती रीत सर्वत्र रूढ झाली. दोन सेंटिमीटर लांबीत किती भोके बसतात, हे मोजण्याची पद्धत पॅरिसच्या डॉ. लग्राँ यांनी १८६६ साली घालून दिली.

होळकर संस्थानचे १८८६ चे अर्ध्या आण्याचे तिकीट लंडनच्या वॉटरलो कंपनीने छापले; त्याच्या दात्यांचे माप १५ आहे. १८८९ साली मात्र गुलाबी कागदावर काळ्या हातशिक्क्याने उठविलेले अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले. त्याला दाते मुळीच नाहीत, आणि तो त्याचा दोषही नव्हे. १९४० पासून मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया छापखान्यात छापलेल्या तिकिटांचे माप ११ भरते. तेव्हा त्या त्या तिकिटाचा नियम ठाऊक असल्याखेरीज त्यातील अपवाद ओळखता येत नाही.

खरे दोष यंत्राच्या चुकीतून उपजतात. सुई तुटली की भोक पडत नाही. ती बोथट झाली की कागदाची टिकली जागीच चिकटून राहते. ताव सरकला की भोकांची रांग चित्रातूनच जाते. एखादी रांग सुटली, तर दोन तिकिटे एकसंध राहतात.

लबाडीचा शिरकाव येथेच होतो. रुंद कडेच्या तिकिटाचे दाते कातरून ते बिनदात्यांचे दुर्मिळ तिकीट म्हणून विकता येते. म्हणून सुट्या तिकिटाची साक्ष जाणकार पुरेशी मानीत नाहीत. ते जोडी मागतात, कारण दोन तिकिटांमधली कोरी जागा कात्रीला निर्माण करता येत नाही.

१९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. त्याच्या टपालाची साक्ष आता अशा जुन्या दप्तरांतच उरली आहे. ती चाळताना जोडलेली तिकिटे दिसली, तर सोयीसाठी ती कापून वेगळी करू नयेत. एका कापासरशी पुरावा नाहीसा होतो.