स्पीकरला साजेसा इंटिग्रेटेड अँप्लिफायर कसा निवडायचा?

इंटिग्रेटेड अँप्लिफायर म्हणजे प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात. फोन, सीडी प्लेअर, टर्नटेबल यातलं काय वाजवायचं ते निवडणं, आवाज कमी-जास्त करणं आणि स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणं ही सगळी कामं तोच करतो. दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा दाखवू?" याचं उत्तर तुमच्या स्पीकरच्या माहितीपत्रकात शोधायचं. त्यामुळे आधी स्पीकर ठरवा, मग अँप.

माहितीपत्रकात सगळ्यात आधी सेन्सिटिव्हिटी बघा. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो, तो हा आकडा. घरगुती बुकशेल्फ स्पीकरमध्ये तो साधारण ८४ ते ८९ असतो. ३ डेसिबलचा फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण आवाज ३ डेसिबलने वाढवायला अँपची ताकद दुप्पट लागते!

थोडं गणित करू. स्पीकर ८६ डेसिबलचे आहेत आणि तुम्ही अडीच मीटरवर सोफ्यावर बसता. अंतरामुळे जास्तीत जास्त ८ डेसिबल जातात, दोन स्पीकर असल्याने साधारण ३ परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅटवर कानाशी ८१ डेसिबल. घरात बऱ्यापैकी मोठ्याने ऐकतानाची सरासरी ७५ धरली, तर तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका क्षणभर ९५ पर्यंत जाऊ शकतो. हे १४ डेसिबल भरून काढायला साधारण २५ वॅट पुरतात. तेच स्पीकर ८३ डेसिबलचे असते तर ५० लागले असते, ८९ चे असते तर १२-१३ मध्ये भागलं असतं. मी या हिशोबाच्या दुप्पट ताकदीचा अँप घेतो, त्याहून जास्त पैसे त्यात घालत नाही.

एक मेख आहे. बऱ्याच कंपन्या सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला तो बरोबर १ वॅट होतो, पण ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट. म्हणजे तिथे आकडा ३ डेसिबलने फुगलेला असतो.

आता इम्पीडन्स. स्पीकरवर "६ ओहम" लिहिलेलं असलं तरी ते फक्त नाममात्र असतं, खरा आकडा स्वराच्या उंचीप्रमाणे वर-खाली होत राहतो. उदाहरणार्थ, क्यू अकूस्टिक्सचा ३०२०आय नाममात्र ६ ओहमचा आहे, पण काही ठिकाणी ४ पर्यंत उतरतो. तितक्याच व्होल्टेजला ४ ओहमवर ८ ओहमच्या दुप्पट करंट लागतो. म्हणून अँपची ४ ओहमवरची ताकद वेगळी दिली आहे का ते बघा. ती दिलीच नसेल तर अशा स्पीकरसाठी तो अँप मी घेणार नाही. आणि हो, ए आणि बी टर्मिनलना ८ ओहमच्या दोन जोड्या लावून एकदम वाजवल्या, तर बहुतेक अँपना त्या ४ ओहमच्याच दिसतात.

वॅटचे आकडे वाचतानाही सावध राहा. "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्यापेक्षा कमी" असं लिहिलेले ४० वॅट खरे. नुसत्या १ किलोहर्ट्झवर, १० टक्के डिस्टॉर्शनसह मोजलेले १०० वॅट त्यांच्यापुढे किती टिकतील, शंकाच आहे. पीएमपीओ दिसलं की पान उलटा. १९७८ साली आलेला नॅडचा ३०२० कागदावर फक्त २० वॅटचा होता, पण क्षणिक ठोक्यांना त्याहून बरीच जास्त ताकद द्यायचा. जगभर गाजला तो.

कमी वॅटचा अँप स्पीकरला सुरक्षित, हा समज मात्र महागात पडतो. कॉलेजात असताना आमच्या एका मित्राने "१०० वॅटचे स्पीकर आहेत, १५ वॅटने काय होणार?" म्हणत वाढदिवसाला छोटा अँप पूर्ण पिळला. तासाभरात एक ट्विटर गेला. अँपची मर्यादा संपली की लहरीचे माथे सपाट कापले जातात, याला क्लिपिंग म्हणतात. आधी खर्जाचे मोठे ठोके कापले जातात, पण वरचे स्वर वाढतच राहतात, शिवाय कापण्यातून नवे वरचे स्वरही तयार होतात. हे सगळं नाजूक ट्विटरच्या वाट्याला येतं. आवाज चिरका, फाटका वाटला की लगेच नॉब मागे घ्या.

नॉबवरून ताकद मोजू नका. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो आणि बऱ्याच अँपना पूर्ण ताकदीसाठी ०.२ व्होल्टच पुरतात, म्हणून नॉब अर्ध्यावर यायच्या आधीच अँप दमलेला असू शकतो.

बाकी टर्नटेबल असेल तर फोनो इनपुट, पुढे सबवूफर घ्यायचा असेल तर सब-आऊट बघा. जपानहून आलेला जुना अँप स्वस्तात मिळत असेल तर मागचं लेबल वाचा. तो १०० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि अँप टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, वर चार बोटं तरी मोकळी जागा सोडा.