दुसऱ्या सहीची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शेजारच्या वहिनी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. लेकीच्या शाळेची परदेशी सहल ठरली होती. पासपोर्टच्या अर्जासाठी वडिलांची संमती हवी होती आणि चार वर्षे वेगळे राहणारे वडील सही द्यायला तयार नव्हते. ‘‘भाऊ, पोरीला ताप आला की मी जागते, शाळेची फी मी भरते. मग सहीच तेवढी माझी एकटीची का चालत नाही?’’ वहिनींनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता या दुसऱ्या सहीचा इतिहासच हाती लागला.

त्याची मुळे इंग्रजी अमदानीत आहेत. वडील हयात आहेत आणि अपात्र नाहीत, तर मुलाला दुसरा पालक नेमू नये, असे १८९० चा पालक व पाल्य कायदा सांगत होता. स्वातंत्र्यानंतर, १९५६ मध्ये हिंदूंसाठी नवा कायदा आला. त्यात मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असे लिहिले गेले. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे आपल्या भाषेत ‘त्यांच्या पश्चात’. आईचा अधिकार सुरू व्हायला बापाने डोळे मिटायला हवेत!

या शब्दाला पहिला धक्का दिला तो आपल्याकडच्याच जिजाबाई गजरे यांच्या खटल्याने. वडील हयात होते, पण मुलीकडे बघतही नव्हते. अशा वेळी आईच पालक, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये म्हटले. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना वडिलांचीच सही मागण्यात आली. त्या न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये निकाल लागला : ‘नंतर’ म्हणजे मृत्यूनंतर नव्हे, तर वडिलांच्या अनुपस्थितीत, आणि वडील लक्ष देत नसतील तर तीही अनुपस्थितीच.

पासपोर्टची कथा वेगळी. १९६७ पर्यंत तो देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरला आणि तीन महिन्यांच्या आत पासपोर्ट कायदा आला. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तो हक्क आणखी भक्कम केला. मोठ्यांचे ठीक झाले. मुलांचा पासपोर्ट मात्र आईबापांच्या संमतीला बांधलेला राहिला.

या अटीमागे भीती खरी आहे. भांडणात एकाने मूल परदेशी नेले, तर ते परत आणणे फार कठीण. अशा मुलांसाठी १९८० मध्ये हेग येथे करार झाला, पण भारत त्यात सामील झालेला नाही. म्हणून दुसरी सही हा एक अडसर आहे. पण चोरासाठी लावलेल्या अडसराने घरातलेच माणूस कोंडले गेले तर?

त्यासाठी नियमांत वाट आहे. दुसरा पालक संमती देत नसेल, तर अर्ज करणाऱ्या पालकाने कारणासह तसे प्रतिज्ञापन द्यायचे. ते खोटे निघाले तर शिक्षा होऊ शकते आणि न्यायालयाचा मनाई हुकूम असेल तर तो पाळावाच लागतो. २०१६ च्या अखेरीस नियम आणखी सैल झाले. अर्जात आई किंवा वडील, एकाचेच नाव दिले तरी चालू लागले. तरीही जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका अल्पवयीन मुलीचे प्रकरण आले. तिला जपानच्या अभ्यासदौऱ्यावर जायचे होते आणि वडिलांची हरकत होती. आईबापांच्या वादापायी मुलीचा हक्क अडवता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने पासपोर्ट देण्याचा आदेश दिला.

वहिनींनीही तेव्हा प्रतिज्ञापन दिले. पासपोर्ट आला, पण सहल निघून गेल्यावर. लेकीने तो कपाटात ठेवला आणि विचारले, ‘‘आई, यावर माझी सही कुठे असते गं?’’

इतक्या वर्षांच्या खटल्यांत हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला आहे.