मान मॉकिंगबर्डचा

गालापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांच्या चोची पाहून डार्विनला उत्क्रांतीची कल्पना सुचली, असे मी शाळेत शिकलो आणि पुढे कित्येक वर्षे इतरांनाही सांगत आलो. डार्विनच्या नोंदी वाचल्यावर ही समजूत सोडावी लागली. पहिली शंका त्याच्या मनात आणली ती मॉकिंगबर्डने.

करड्या-तपकिरी रंगाचा, लांब शेपटीचा हा पक्षी. त्याचे उत्तर अमेरिकेतले भाऊबंद इतर पक्ष्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात, म्हणून हे नाव. गालापागोसचा मॉकिंगबर्ड नकला करत नाही. तो जमिनीवर धावत किडे टिपतो, गटाने आपली हद्द राखतो. काही गटांत मोठी झालेली पिल्ले धाकट्या भावंडांना भरवतात. माणसाचे भय तर नाहीच. डार्विनच्या हातातल्या, कासवाच्या कवचाच्या भांड्यावर बसून एक मॉकिंगबर्ड निवांत पाणी प्यायला होता.

सप्टेंबर १८३५ मध्ये सॅन क्रिस्टोबलनंतर फ्लोरेआना बेटावर उतरताच डार्विनला दिसले, की इथला मॉकिंगबर्ड वेगळा आहे. तेव्हापासून त्याने या पक्ष्याचे नमुने बेटांनुसार वेगळे ठेवले. फिंचबाबत ही काळजी घेतली नव्हती. पुढे त्यांची बेटे ठरवायला कॅप्टन फिट्झरॉय आणि इतर सहप्रवाशांचे नमुने पाहावे लागले. परतीच्या प्रवासात, १८३६ मध्ये त्याने लिहून ठेवले, की असे फरक खरे असतील तर जाती अचल असतात या मताला धक्का बसेल. १८३७ मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी निर्वाळा दिला: या तीन स्वतंत्र जाती आहेत.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांत फ्लोरेआनावरचा मॉकिंगबर्ड त्या बेटावरून नाहीसा झाला. माणसाबरोबर आलेल्या उंदीर-मांजरांनी त्याला खाल्ले, शेळ्या-गाढवांनी त्याचा आधार असलेले निवडुंग संपवले. तो उरला जवळच्या चॅम्पियन आणि गार्डनर या दोन बेटुकल्यांवर. दोन्ही मिळून एक चौरस किलोमीटरही भरत नाहीत.

डार्विन आणि फिट्झरॉय यांनी फ्लोरेआनावरून नेलेले दोन नमुने इंग्लंडच्या संग्रहालयात आहेत. अलीकडे त्यांच्या पायांतून डीएनए मिळवून तो या बेटुकल्यांवरच्या पक्ष्यांशी ताडून पाहिला गेला. मूळ वारसा दोन्हीकडे थोडा थोडा उरला आहे. म्हणून फ्लोरेआनावर पक्षी परत न्यायचे तर दोन्हीकडचे न्यावेत, असा सल्ला अभ्यासकांनी दिला. बेटाचे नाव लिहून ठेवले नसते, तर हे ताडून पाहणे शक्यच झाले नसते.