पेनड्राइव्ह लावलाय, पण कॉम्प्युटर म्हणतो 'ओळखत नाही'

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जे घाईत सुटलं, ते इथं थोडं भरून काढलंय.

विषय रोजच्या डोकेदुखीचा आहे. पेनड्राइव्ह लावला, टुंग आवाज आला आणि कोपऱ्यात मेसेज: 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइझ्ड'. किंवा इअरबड्स फोनला झटक्यात जोडले जातात, पण लॅपटॉपला ते दिसतच नाहीत. यावरचे व्हिडिओ पायलीचे पन्नास आहेत. सगळ्यांत तेच: ड्रायव्हर उडवा, रीस्टार्ट करा, नाहीच जमलं तर विंडोज नवीन टाका. कधी चालतं, कधी नाही, आणि चाललं तरी का चाललं ते कळत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझं मत असं की हा मेसेज समजायला त्याचा इतिहास माहीत हवा. पूर्वी एक काम माणूस करायचा, ते मशीनकडे गेलं. काम सोपं झालं, पण बिघडलं की कारण सांगणारं कोणी उरलं नाही. ही त्या बदलाची गोष्ट आहे.

आधी आमच्या गावाकडून सुरुवात करू. कबनूर म्हणजे इचलकरंजीला चिकटलेलं गाव. गाव कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं ते नवख्याला कळत नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी सुरू केला, तेव्हापासूनचा हा खडखडाट. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८०४ च्या सुमाराला, फ्रान्समधल्या लियों शहरात जोसेफ जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारी यंत्रणा बनवली होती. भोक असेल तर उभा धागा उचलायचा, नसेल तर खाली ठेवायचा. नक्षी म्हणजे अशा कार्डांची लांबलचक माळ. १९८३ मध्ये बोनास कंपनीनं मिलानच्या प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आणलं, आणि कार्डांची गरज हळूहळू संपत गेली. आता अशा मागाला डिझाइन पेनड्राइव्हवरून देतात.

पुठ्ठ्याच्या कार्डाचं एक बरं होतं. फाटलं की फाटलेलं दिसायचं. पेनड्राइव्हचं तसं नाही. तो लॅपटॉपवर उघडतो, मागाच्या कंट्रोलरवर उघडत नाही, आणि जॉबर बिचारा तोच पेनड्राइव्ह काढतोय, फुंकतोय, परत घालतोय. बऱ्याचदा दोष धुळीचा नसतोच. जुने कंट्रोलर फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच वाचतात. नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक वेळा एक्सफॅट असतो, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत अनेक वर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच नव्हता. म्हणजे यूएसबीनं ओळखलंय, ओळख अडलीय ती त्याच्या वरच्या मजल्यावर. माणूस दारात उभा आहे, नावही कळलंय, पण त्याची भाषा समजत नाही. कारखान्यात असाल तर ८ किंवा १६ जीबीचा एक जुना पेनड्राइव्ह फॅट३२ करून कपाटात ठेवा. माग बंद पडण्यापेक्षा ते स्वस्त.

हा 'मजला' शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता यूएसबीच्या आधीचा काळ. तेव्हा ओळख करून देणारा माणूस होता. कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड घालायचं तर डबा उघडायचा, कार्डावरची छोटी जंपरं चिमट्यानं हलवायची, आणि कॉम्प्युटरला 'माझ्याकडं बघ' म्हणून हाक मारायची लाइन ठरवायची. अशा लाइन फक्त १६, त्यातल्या बऱ्याचशा घड्याळानं, कीबोर्डनं, डिस्कनं आधीच बळकावलेल्या. साउंड कार्डाला आणि प्रिंटर पोर्टला एकच लाइन दिली की एक चालायचं आणि दुसरं गप्प. मराठीत काम करणाऱ्यांना तर याची आणखी सवय होती. आयआयटी कानपूरला जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं पुढं नेलं. सुरुवातीला ते एक कार्डच होतं. ते स्लॉटमध्ये बसवलं की इंग्रजी कॉम्प्युटरवर देवनागरी दिसायची. म्हणजे तेव्हा आपली लिपीसुद्धा कॉम्प्युटरच्या दृष्टीनं बाहेरून जोडलेलं एक उपकरण होती!

पुढं डीटीपीचा जमाना आला. लग्नपत्रिका, हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी दुकानादुकानांत पोहोचलं. त्याच्यासोबत 'लॉक' यायचं, म्हणजे डोंगल. आधी ते प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टमध्ये लागायचं, नंतर यूएसबीत. लॉक सापडलं नाही तर सॉफ्टवेअर चालणार नाही, आणि पत्रिका तर उद्याच हवी. 'डिव्हाइस ओळखत नाही' या वाक्याची किंमत आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी फार लवकर मोजलीय.

यूएसबीच्या गोष्टीत एक नाव हटकून येतं, अजय भट्ट. वडोदऱ्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले. (सयाजीराव गायकवाड आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचे. तेवढाच आपला धागा!) भट्ट १९९० मध्ये इंटेलमध्ये गेले. घरात प्रिंटर जोडताना उडणारी तारांबळ पाहून हा विचार आला, असं ते मुलाखतींत सांगतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. भिंतीतल्या प्लगसारखं का नसावं? घातलं की चालू. मग इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या, आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० जाहीर झालं.

तुम्हाला वाटेल की मोठी गोष्ट म्हणजे प्लगचा आकार. नाही. मोठी गोष्ट ही होती की उपकरणानं स्वतःच स्वतःची ओळख सांगायची. तुम्ही पेनड्राइव्ह घालता तेव्हा काय होतं बघा. आतला एक रेझिस्टर दोन डेटा तारांपैकी एकीवर व्होल्टेज चढवतो. कॉम्प्युटरला तेवढंच कळतं: कोणीतरी आलंय. तो आलेल्याला रीसेट करतो. या क्षणी नव्या पाहुण्याचा पत्ता शून्य असतो. कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? उपकरण 'डिस्क्रिप्टर' पाठवतं: कंपनीचा क्रमांक, मॉडेलचा क्रमांक, मी कोणत्या प्रकारचा, मला वीज किती लागेल. मग त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता मिळतो. ही ओळखपरेड पूर्ण होईपर्यंत १०० मिलिअँपिअरच्या वर वीज ओढायची नाही, असा मूळ नियम. त्यानंतर कॉम्प्युटर ड्रायव्हर शोधतो. हे सगळं होईपर्यंत तुमचा हात माउसवर परत आलेलासुद्धा नसतो.

सुरुवातीला मात्र हे सगळं फसत होतं. विंडोज ९५ च्या प्लग अँड प्लेला लोक 'प्लग अँड प्रे' म्हणायचे, म्हणजे जोडा आणि देवाचं नाव घ्या. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यानं विंडोज ९८ दाखवताना यूएसबी स्कॅनर जोडला, आणि भर सभेत निळा स्क्रीन आला. तो व्हिडिओ आजही फिरतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलचा आयमॅक बाजारात आला. त्यात जुने पोर्ट काढून टाकलेले आणि यूएसबीच ठेवलेलं. माझ्या मते यूएसबी खरं रुजवलं ते या हट्टानं. पर्याय ठेवला असता तर प्रिंटरवाले वर्षानुवर्षं जुनंच विकत बसले असते.

आता तो मेसेज पुन्हा वाचा. 'ओळखता आलं नाही' म्हणजे संभाषण कुठंतरी तुटलं. कुठं, ते मजल्यावरून ठरतं.

लावल्यावर आवाजच नाही, लाइटच नाही: तळमजला, म्हणजे वायर आणि वीज. फोन चार्ज होतोय पण कॉम्प्युटरला दिसत नाही, तर केबल फक्त चार्जिंगची असू शकते. तिच्यात डेटाच्या तारा नसतातच. अशा केबलसाठी ड्रायव्हर बदलत बसणारे बहाद्दर मी पाहिलेत. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला आतून लांब वायर असते, म्हणून हार्ड डिस्क मागच्या पोर्टला लावून बघा.

आवाज आला, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' किंवा कोड ४३: पहिला मजला. 'तू कोण?' विचारलं, उत्तर आलं नाही किंवा तुटक आलं. इथं आधी दुसरा पोर्ट, मग दुसरी केबल, मग दुसरा कॉम्प्युटर. तिन्हीकडे तेच झालं तर उपकरणच गेलं असं समजा. कोड २८ असेल तर ओळख झालीय, ड्रायव्हर नाही. कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक तिथंच 'हार्डवेअर आयडी'मध्ये असतो, तो सर्च करा. नाव खोटं सांगता येतं, क्रमांक सहसा खरा असतो.

सहसा म्हणालो, कारण २०१४ चं एफटीडीआय प्रकरण. ही स्कॉटलंडची चिप कंपनी. तिच्या चिपच्या नकला जगभर विकल्या जात होत्या, आणि त्या यूएसबीला एफटीडीआयचाच क्रमांक सांगायच्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विंडोज अपडेटमधून आलेला कंपनीचा नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखून तिचा मॉडेल क्रमांक शून्य करून टाकायचा. दुसऱ्या दिवशी लोकांची यंत्रं 'ओळखत नाही' म्हणू लागली. विकत घेणाऱ्याला आत नकली चिप आहे हे माहीतही नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर ड्रायव्हर मागे घेतला. चोरी नकली चिपवाल्याची होती हे खरं, पण शिक्षा ग्राहकाला झाली. मला ते अजून पटत नाही.

ब्लूटूथकडे वळू. १९९४ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एरिक्सननं यावर काम सुरू केलं, मे १९९८ मध्ये पाच कंपन्यांचा गट जाहीर झाला. नाव हाराल्ड ब्लूटूथ या दहाव्या शतकातल्या डॅनिश राजाचं. सुचवलं इंटेलच्या जिम कार्डाक यांनी, तेही तात्पुरतं म्हणून. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीची उपकरणं वापरायला लायसन्सची अट २००५ च्या जानेवारीत निघाली.

इथं वायर नाही, म्हणून 'कोण आलंय' यापेक्षा 'याच्यावर भरवसा ठेवायचा का' हा प्रश्न मोठा. पूर्वी ०००० किंवा १२३४ टाकायचो, आठवतंय? २००७ च्या ब्लूटूथ २.१ पासून जोडणी सोपी झाली, पण तत्त्व तेच राहिलं. पहिल्यांदा जोडताना दोघं मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि दोघंही ती जपतात. लॅपटॉप फॉरमॅट केला की त्याच्याकडची किल्ली जाते, इअरबड्सकडे मात्र जुनीच असते. म्हणून 'फरगेट' दोन्हीकडे करायचं. इअरबड्स त्यांच्या रीसेटच्या पद्धतीनं, लॅपटॉप सेटिंगमधून. एकीकडेच केलं तर दिवसभर झटापट.

आणि एक गंमत. २०१२ मध्ये इंटेलनंच प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात दाखवलंय की यूएसबी ३.० च्या वेगवान सिग्नलमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये सांडतो. म्हणजे निळ्या पोर्टला हार्ड डिस्क लावली की शेजारचा वायरलेस माउस अडखळतो. उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. माउसचा डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलनं लांब न्या.

शेवटची गोष्ट आधार केंद्रावरची. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना दिला गेला. त्यानंतर अंगठा घेणारं छोटं यूएसबी यंत्र गावोगाव पोहोचलं. २०१७ पासून या यंत्रांना नोंदणी लागते. नुसतं ओळखलं जाऊन भागत नाही, यंत्राची स्वतःची डिजिटल सही लागते आणि 'आरडी सर्व्हिस' नावाचा प्रोग्राम चालू लागतो. म्हणून डिव्हाइस मॅनेजर म्हणतो सगळं ठीक, आणि वेबपेज म्हणतं 'डिव्हाइस नॉट रेडी'. समोर आजी उभी, आणि तिला सांगतात, बोट घासून या, नाहीतर उद्या या.

तेव्हा स्क्रीनवरचा एरर नंबर विचारा. ७२० असेल तर यंत्र तयार नाही, ठसा घेतलाच गेलेला नाही. केबल, पोर्ट, आरडी सर्व्हिस बघायची, आजीला खुर्ची द्यायची. ३०० असेल तर ठसा जुळला नाही, मग दुसरं बोट लावून बघा.

कोणत्या यंत्रानं तुम्हाला ओळख दाखवली नाही ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.