शिलाई शिकलो, हिशेब राहिला

आज बोलायला बसले आहे ते एका प्रश्नामुळे. गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचत जमा झाली, वहीत सह्या झाल्या, आणि आम्ही उठणार तेवढ्यात गटातल्या एका काकूंची मुलगी दारात येऊन उभी राहिली. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "ताई, फॅशन मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा कोर्स असतो म्हणे. मी फॉर्म भरू का?" मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "अगं, शिवायला विद्यापीठ कशाला पाहिजे? मी इतकी वर्षं ब्लाऊज शिवतेय ते काय कॉलेजात शिकून?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना मला आमच्या पिशव्या आठवल्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाला ३०० कापडी पिशव्यांची ऑर्डर मिळाली होती. भाव ठरला ४० रुपये. कापड, दोरा, छपाई धरून एका पिशवीला २९ रुपये गेले. आम्हाला वाटलं, ११ रुपये सुटले! पाच जणींनी सहा दिवस शिवल्या. मग टेम्पोचं भाडं आणि वीज, मशीनची दुरुस्ती मिळून १,२०० रुपये गेले. हातात राहिले २,१००. पाच जणींचे सहा दिवस म्हणजे तीस रोज. रोजाला पडले ७० रुपये! खुरपायला गेलो असतो तर याच्या कितीतरी जास्त मिळाले असते. टाका कुठे चुकला नव्हता, एकही पिशवी परत आली नव्हती. चुकला होता तो भाव, आणि तो आम्हीच सांगितला होता.

ही चूक आपल्या एका गटाची नाही. शिवणं वेगळं आणि शिवण्याचा धंदा वेगळा, हे जगाला कळायला बराच काळ गेला. तीच गोष्ट आज सांगते.

पूर्वी कपडा कोणासाठी शिवायचा हे आधी ठरलेलं असायचं. आपले संत नामदेव शिंपी कुळातले. शिंप्याकडे माणूस यायचा, माप द्यायचा, कापड द्यायचा, ठरलेली शिलाई द्यायचा. कपडा विकला जाईल की नाही ही चिंताच नव्हती. मग शिवणयंत्र आलं. अमेरिकेत आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि पुढे त्याच्या कंपनीने हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन ही यंत्रं घराघरांत पोचवली. हाताने दिवसभर चालणारं काम तासा-दोन तासांत होऊ लागलं. आणि कपडे आधी शिवायचे, गिऱ्हाईक मागून शोधायचं, असा तयार कपड्यांचा धंदा फोफावला.

इथे नवे प्रश्न उभे राहिले. किती नग शिवायचे? कोणत्या मापाचे? कोणता रंग खपेल? सणाच्या किती महिने आधी कापड घ्यायचं? उरलेल्या मालाचं काय करायचं? शिंप्याला हे प्रश्न फारसे पडत नव्हते, कारखान्याला रोज पडू लागले.

या धंद्याचं मोठं केंद्र होतं न्यूयॉर्क शहर. तिथे शिवायला होत्या त्या बहुतेक दुसऱ्या देशांतून पोटासाठी आलेल्या गरीब घरच्या बायका आणि पोरी. मजुरी थोडी, तास जास्त. २५ मार्च १९११ रोजी तिथल्या ट्रँगल नावाच्या कारखान्याला आग लागली. हा कारखाना बायकांचे ब्लाऊज शिवायचा, मैत्रिणींनो. इमारतीच्या वरच्या मजल्यांवर काम चालायचं आणि जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ जण मेले, त्यांत बहुतेक बायका आणि तरुण पोरी. त्यानंतर कामगारांच्या संघटनांनी रेटा लावला, कारखान्यांच्या सुरक्षिततेचे कायदे झाले. नग किती निघाले याच्याबरोबर काम कसं चालतं याचाही विचार करावा लागतो, हे फार मोठी किंमत मोजून लोकांच्या ध्यानात आलं.

दुसरी अडचण मापांची. तयार कपडे बायकांना बसेनात. कुठे खांदा उतरायचा, कुठे कंबर घट्ट. म्हणून १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेच्या शेती खात्याने सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली आणि १९४१ साली ती छापली. शेती खातं आणि बायकांची मापं, ऐकून गंमत वाटते ना? पण घरसंसाराच्या शास्त्राचा विभाग त्याच खात्यात होता. आपल्याकडे अलीकडे निफ्ट या संस्थेने सुमारे २५,००० भारतीयांची मापं घ्यायचं काम हाती घेतलं, त्यात मुंबईही होती. तोवर आपल्या दुकानांतले 'एम', 'एल' असले आकडे बरेचसे परदेशी तक्त्यांवरून आलेले होते. तयार कुडता घेऊन बाई दोन्ही बाजूंनी टीप मारून घेते, त्यात तिच्या अंगाचा दोष नाही.

आता विद्यापीठाकडे येऊ. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. सुरुवातीला फक्त १०० विद्यार्थी. स्वतःची इमारतसुद्धा नव्हती, शिवणकाम शिकवणाऱ्या एका हायस्कुलाच्या वरच्या मजल्यांवर वर्ग भरायचे. धंद्याला शिकलेली माणसं मिळेनात म्हणून त्या धंद्यातल्याच लोकांनी पुढाकार घेऊन ती काढली होती. आणि पहिल्या दिवसापासून तिथे अभ्यासक्रम दोन होते. एक कपड्याच्या डिझाइनचा, दुसरा कामाच्या शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाचा. म्हणजे सुई आणि वही एकाच छपराखाली आल्या. १९५१ साली त्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. गिरण्यांना यंत्रं जाणणारी माणसं हवी होती. तिथे शिकले ते पुरुष. बायकांसाठी १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. शिक्षण आणि हातातलं कसब यांच्या जोरावर बाईने पायावर उभं राहावं हा त्यांचा ध्यास. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. त्याला १९२० साली १५ लाखांची देणगी दिली सर विठ्ठलदास ठाकरसींनी, आपल्या आईच्या, नाथीबाईंच्या, नावाने. हे ठाकरसी गिरणीमालक. म्हणजे आपल्या पहिल्या महिला विद्यापीठामागे कापडाचाच पैसा उभा राहिला!

तरी एक वाटणी कायम राहिली. बायकांना शिवण, पुरुषांना यंत्र आणि पेढी. गावोगावी शिवणाचे वर्ग निघाले. त्यांत बेतायला शिकवलं, काजं-बटणं शिकवली, पण भाव कसा काढायचा हे क्वचितच कोणी शिकवलं. मी स्वतः असा सहा महिन्यांचा वर्ग केला आहे. माझ्या वहीत बाह्यांचे पाच प्रकार आहेत, हिशेबाचं एक पान नाही.

मग भारतातून तयार कपडे मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागले. नुसतं शिवून भागेना. परदेशी व्यापाऱ्याशी बोलणारं, माल वेळेवर पाठवणारं, नगाचा खर्च काढणारं माणूस हवं होतं. म्हणून केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने १९८६ साली दिल्लीत निफ्ट, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी, सुरू केली. अभ्यासक्रम बसवायला मदत घेतली ती न्यूयॉर्कच्या त्याच संस्थेची. १९९५ साली मुंबईचं केंद्र निघालं, ते आज नवी मुंबईत खारघरला आहे. २००६ साली संसदेने कायदा केला आणि निफ्टला स्वतःची पदवी देता येऊ लागली. फॅशन मॅनेजमेंटची पदवी त्यातलीच एक. तिला कोणत्याही शाखेची पदवीधर मुलगी प्रवेश परीक्षा देऊ शकते. चित्रकला यावीच लागते असं नाही. बी.ए. चालतं. हे वाचलं तेव्हा मी क्षणभर थांबले, कारण मीही बी.ए.च आहे आणि माझ्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दोन वर्षांत शिकवतात काय? कापड कुठून, कोणत्या भावाने घ्यायचं. एका नगाला कापड किती, चिंधीत किती जातं, शिवायला मिनिटं किती लागतात. पुढच्या हंगामात काय खपेल याचा अंदाज कसा बांधायचा. दुकानात माल कसा मांडायचा, न खपलेला कधी आणि किती सवलतीत काढायचा. आपल्या मालाचं नाव लोकांच्या मनात कसं बसवायचं.

आमच्या पिशवीला हे लावून पाहा. दिवसाला एका बाईच्या दहा पिशव्या होत होत्या. रोज ३०० रुपये धरला तर पिशवीमागे मजुरी ३० रुपये. सामान २९. भाडं, वीज, दुरुस्ती ४. झाले ६३. त्यावर गटाचा नफा वेगळा. आणि आम्ही विकली ४० ला! आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात तो हाच.

पण एक गोष्ट लपवणार नाही. हे शास्त्र शिकलेली माणसं नेहमी शिवणारणीच्या बाजूने हिशेब करतात असं नाही. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. तिथे परदेशी दुकानांसाठी कपडे शिवले जायचे. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामाला बोलावलं. १,१०० हून जास्त माणसं मेली. नगाचा भाव खाली खेचत नेला की तो शेवटी कोणाच्या तरी मजुरीतून आणि जिवातून निघतो. म्हणून तर आपल्यातल्या मुली तिकडे जायला हव्यात. जिने आईला दिव्याखाली बटणं लावताना पाहिलंय, ती मजुरीचा रकाना रिकामा ठेवणार नाही.

अडचणी आहेतच. फी लाखांत जाते, शिकवणं इंग्रजीत, राहणं शहरात. राखीव जागा असतात, बँकेचं शिक्षणकर्ज असतं, पण चौकशी वेळेत करावी लागते. आणि पदवी मिळाली की नोकरी ठेवलेलीच, असंही नाही. हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. काकूंनाही पिशव्यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्या बराच वेळ ६३ या आकड्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या ब्लाऊजचं पण असंच असणार गं." पोरीला म्हणाल्या, "भर फॉर्म. नाही लागला नंबर तर पुढच्या वर्षी बघू."

आपल्या गटाने तोवर एक केलं आहे. वहीत नवे रकाने आखलेत. सामान, मिनिटं, मजुरी, भाडं आणि वीज, मशीनची झीज, नफा. भाव सांगायचा तो हे सहा रकाने भरल्यावरच. मागच्या आठवड्यात पिशव्यांची नवी विचारणा आली. ७० रुपये सांगितले. समोरच्याने तोंड वाकडं केलं, पण फोन ठेवला नाही, आणि शेवटी १०० नगांवर तयार झाला. नग कमी आहेत, पण या वेळी रोज पूर्ण पडेल.

तुमच्या गटात कोणी शिवत असेल तर पुढच्या बैठकीत एका नगाचा हिशेब मांडून बघा आणि काय निघालं ते आम्हाला कळवा. येते मी. नमस्कार.